न्यायला कोण येतंय

माझी मुलगी मुंबईच्या पुढे, समुद्राकाठच्या एका शहरात राहते. तिथे कोण मोठी माणसं राहतात हे जावई मला रिक्षातून दाखवायचा. हा बंगला गायकाचा, तो क्रिकेटवाल्याचा. मला बंद फाटकंच दिसली.

तिच्याच इमारतीत तळमजल्यावर सिनेमातली एक बाई राहायची. तरुणपणापासून आईची कामं केलेली, पन्नासेक सिनेमांत खोकून मेलेली. लोक तिच्याबरोबर फोटो काढायचे. एकदा बागेत मी नातवावर ओरडले, "सुम्म कूड!" म्हणजे गप्प बस. ती बाकावरून उठून आली.

"धारवाडच्या काय, अक्का?"

तेव्हापासून रोज दुपारी मला बोलवायची. निम्मं कन्नड, निम्मं मराठी. तिला दुसरं कोणी तसं बोलणारं नव्हतं.

श्रावण आला. आमच्याकडे पंचमीला लेकी माहेरी जातात, पण भावानं न्यायला यावं लागतं. मी पिशवी भरत होते. माझा भाऊ गेला, तरी भाचा धारवाडजवळच्या अळणावरहून न्यायला येणार होता. ती दारात उभी राहून बघत होती.

"मला कोणी येत नाही," ती म्हणाली. सिनेमात गेली म्हणून वडिलांनी न्यायला माणूस पाठवणं बंद केलं. पुढे भावानंही तेच चालवलं.

"मग चल माझ्याबरोबर. भाच्याला आणखी एक तिकीट काढायला सांगते."

"न बोलावता? पंचमीला? मी काय रस्त्यावरची आहे?"

तिचा भाऊ धारवाडलाच, सुभाष रोडच्या मागच्या गल्लीत राहतो. वकिली सोडून बरीच वर्षं झाली. धारवाडला पोचल्यावर मी सरळ त्याच्या घरी गेले.

"आली तर दार उघडंच आहे," तो म्हणाला.

"दार तिला आणायला जाणार आहे का, वकीलसाहेब?"

"गुडघे गेलेत, अक्का."

"फोनला गुडघे लागत नाहीत."

मी फोन लावून त्याच्या हातात दिला. तो घसा साफ करत राहिला. मग म्हणाला, "पंचमीला ये."

पलीकडून मला ऐकू आलं, "न्यायला कोण येतंय?"

"मुलाला पाठवतो गाडी घेऊन."

"तू ये."

"बघतो," म्हणून त्यानं फोन मला परत दिला.

त्यानंतर दोन पंचम्या झाल्या. तो गेला नाही, ती आली नाही. मी दोघांनाही मूर्ख म्हटलं, तोंडावर. यंदा पंचमीच्या सकाळी तंबिट्टाचे लाडू द्यायला गेले, तर त्याच्या अंगणात चिक्कूला झोका बांधलेला. घरात झोक्यावर बसेल अशी एक मुलगी नाही.

"दरवर्षी बांधतो," तो म्हणाला.

"दोरी तरी सोडा, नाहीतर गाडीत तरी बसा."

तो दोरीला हात लावून उभा राहिला. सोडली नाही. लाडवांचा डबा पायरीवर ठेवून मी निघाले.

संध्याकाळी तिचा फोन आला. मी होतं तसं सांगितलं.

"फार म्हातारा दिसतो का ग?"

"दिसतो," मी म्हटलं.