दिवाणखान्याचं माप

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. खरं तर मामाला सांगायला हवी होती, पण तो होता तोवर जीभ रेटली नाही.

पन्नास सालानंतरची ती वर्षं. पिंपरीकडे कारखाने उभे राहत होते आणि मी मॅट्रिक होऊन घरी बसलो होतो. चिंचवडला नदीकाठी एका नामांकित वास्तुकाराचा बंगला होता. ते वारल्यावर त्यांच्या पत्नी दर रविवारी लोकांना बंगला आणि बाग दाखवायच्या. एका कारखान्याच्या साहेबांशी त्यांची ओळख होती. या बाईसाहेबांची शिफारसचिठ्ठी मिळाली तर माझं काम होणार होतं. चाकणजवळचा माझा मामाही सोबत निघाला. त्या बंगल्यात वारा कधी थांबत नाही, असं त्यानं ऐकलं होतं, आणि त्याला कांदे साठवायला बराखी बांधायची होती. एसटीत चाकणपासून चिंचवडपर्यंत तो कांद्याखेरीज दुसरं काही बोलला नाही.

बंगल्याला भिंती कमी, लाकडी झडपाच जास्त. जमिनीच्या फळ्यांतूनही वारा वर यायचा. बाईसाहेब ऐन चैत्रात शाल पांघरून आम्हाला त्या झडपांची थोरवी सांगत होत्या. मामानं मुंडाशातून गाठी मारलेली सुतळी काढली, तिचं एक टोक पुण्याहून आलेल्या सुटातल्या गृहस्थाच्या हातात दिलं आणि दिवाणखाना मोजायला घेतला. गृहस्थ बिचारा धरून उभा राहिला. मग मामा पालथा पडला आणि फळ्यांच्या फटीला डोळा लावून बसला.

हे काय चाललंय, असं बाईसाहेबांनी मला विचारलं. मी शक्य तितक्या शुद्ध भाषेत सांगितलं, की मामांना हे घर फार भावलं, गावी अगदी असंच घर बांधायचं म्हणतात. बाईंचे डोळे भरून आले. यजमान नेहमी म्हणायचे, की हे घर साध्या माणसांसाठी आहे. पण आजवर एकही साधा माणूस माप घ्यायला आला नव्हता. घरात किती माणसं राहणार, असं त्यांनी मामाला कौतुकानं विचारलं.

"माणसं कशाला, बाईसाहेब? कांदं ऱ्हात्याल. वैशाखात भरायचं, दिवाळीपातुर ठेवायचं."

सुटातल्या गृहस्थानं सुतळी सोडली. बाईसाहेब माझ्याकडे बघत होत्या. मला फक्त चिठ्ठी दिसत होती.

"मला मामांनी घरच सांगितलं होतं," मी म्हणालो. "हा बेत मला ठाऊक नव्हता."

मामानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सुतळी गुंडाळायला लागला.

"व्हय. म्याच फसवलं त्याला. भाचा साधा हाय."

बाईसाहेब हसायला लागल्या, त्या शिंकांवर जाऊन थांबल्या. "लग्न होऊन इथं आले तेव्हापासून माझं नाक गळतंय," त्या म्हणाल्या. "कांद्यांना तरी मानवू दे हे घर." आणि सुतळीचं दुसरं टोक धरायला स्वतः पुढे झाल्या.

निघताना त्यांनी मला चिठ्ठी दिली. मुलगा मॅट्रिक आहे आणि सच्चा आहे, सख्ख्या मामाच्या चुकीवरही पांघरूण घालत नाही, असं तीत लिहिलं होतं.

परतीच्या एसटीत मामानं काय लिवलंय म्हणून विचारलं. मुलगा मॅट्रिक आहे, एवढंच मी वाचून दाखवलं. बास झालं की, असं म्हणून तो पुन्हा कांद्यांकडे वळला.