मिठाची गुळणी

माझा दादा लिफ्ट दुरुस्त करतो. दोन मजल्यांच्या मध्ये माणसं अडकली की दाराच्या फटीला तोंड लावून त्यांना गोष्ट सांगत सांगत तो काम उरकतो. एकदा लिफ्ट सुरू झाली तरी एक आजी गोष्ट संपेपर्यंत बाहेर यायला तयार नव्हत्या. रविवारी सकाळी हाच धंदा आमच्या जेवणाच्या टेबलावर. फासे टाकायचे, प्रत्येकाने एकेक पात्र व्हायचं आणि मिळून गोष्ट पुढे न्यायची, असा तो खेळ. गोष्ट हाकणारा सूत्रधार कायम दादा, मी कायम चोर. अठरा वर्षं कुलपं मी उघडतेय आणि आत काय आहे ते दादा सांगतोय. मला त्याच्या खुर्चीचा हेवा वाटायचा. वाटायचा म्हणजे काय, मी जळायचे.

खेळाची नवी आवृत्ती येणार अशी बातमी आली आणि खेळापेक्षा तर्कच जास्त रंगायला लागले. छापण्याआधी कंपनी नवे नियम खेळाडूंकडून तपासून घेणार होती. पण कुणाकडून? सगळ्यांकडून, की निवडक लोकांकडून गुपचूप?

"गुपचूपच," दादा म्हणाला. "आणि कुठे बोलणार नाही असं लिहून घेतलेलं असणार. तेव्हा जो गप्प झाला, तो आत गेला समजा."

पुढच्याच रविवारी आमच्या खेळातला जाड भिंगांचा चष्मेवाला गप्प. एरवी तर्क लढवण्यात दादाच्या वरताण, पण आज तोंडावर रुमाल धरून नुसती मान हलवत होता. दादाच्या पोटात जे दुखायला लागलं!

"याला घेतलं?" तो गेल्यावर दादा फणफणला. "फाशावरचा आकडा मला विचारतो हा! माझा मेल बघ आधी."

दादाचा मेल मीच बघते, कारण पासवर्ड त्याच्या लक्षात राहत नाही. काही नव्हतं. दुसऱ्या दिवशीही नव्हतं. पंधरा दिवस रोज बघितलं.

मग दादानेही मिठाची गुळणी धरली. झाकली मूठ सव्वा लाखाची! कुणी नव्या नियमांचं काढलं की हा छताकडे बघून गालात हसायचा. "हाही आत," अशी कुजबुज झाली आणि पहिला चहा त्याच्यापुढे यायला लागला. मला खरं माहीत होतं. म्हटलं, मिरवू दे चार दिवस.

आणि कंपनीने जाहीर केलं की चाचणी सगळ्यांसाठी खुली! फक्त नावं पाच-पाच जणांच्या गटाने द्यायची, शुक्रवारपर्यंत, आणि एका माणसाला एकाच गटात खेळता येईल.

गुरुवारी चष्मेवाला माझ्या झेरॉक्सच्या दुकानात आला आणि तोंडभर हसला. नवीकोरी कवळी.

"पुढचे चार दात काढले होते गं. बोबडं बोललो असतो तर दादाने सोडलं असतं का मला?" त्याने अर्ज पुढे केला. "त्याचं नाव घालता येत नाही, तो आधीच तिकडे, कंपनीच्या गुपचूप गटात आहे. पाचवी माझी मेहुणी येईल. सूत्रधार म्हणून तुझं घालू?"

एक शब्द पुरला असता. त्याला सांगायचं, अरे, दादाला कुणी बोलावलेलं नाही. पण मी म्हणाले, "घाल."

दादाला वाटत होतं, आपलं नाव तर असणारच. पण विचारणार कुठल्या तोंडाने?

रविवारी तो नेहमीसारखा आपल्या खुर्चीत येऊन बसला. नव्या नियमांचे कागद मी छापून आणले होते. त्याने हात पुढे केला.

"दादा, ती खुर्ची आता ताईची," चष्मेवाला म्हणाला. "तुझं काय बाबा, तू आधीच तिकडे!"

सगळे हसले. दादाने माझ्याकडे पाहिलं. त्याचा मेल कोण बघतं, हे फक्त आम्हा दोघांना ठाऊक होतं. मी काहीतरी बोलेन म्हणून तो थांबला. मी कागदांच्या कडा जुळवत होते.

"सरकतोस ना जरा?" मी म्हणाले.

तो उठला, आणि मी बसले.