पंपाबाईच्या मानेवरचा बिब्बा

मी स्वभावानंच संशयी आहे. बाजारात संत्री घेताना सुद्धा माझी नजर संत्र्यांवर नसते, विकणाऱ्याच्या हातावर असते. लग्न होऊन मूर्तिजापूरला आले ते नेमकी अशा घरात, जिथे सगळं गाव आमच्याच हाताकडे बघायचं. नवऱ्याचं बी-बियाणं आणि औषधांचं दुकान होतं. औषध म्हणजे पिकावर फवारायचं विष. आमच्याकडे त्याला औषधच म्हणतात.

ती वर्षं वाईट होती. कपाशी दगा द्यायची, पाऊस दगा द्यायचा, आणि बोगस बियाण्याच्या बातम्या गावोगाव फिरायच्या. आमच्या दुकानातलं बी कधी खोटं निघालं नाही. पण संशय काही पत्ता विचारून येत नाही. वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक पाकीट उजेडात धरून बघायचं, हलवून बघायचं, मग नवऱ्याच्या तोंडाकडे बघून विचारायचं, "उगवन ना हे?" नवरा 'हो' म्हणायचा आणि घरी आल्यावर ताटातली भाकरी अर्धी ठेवून उठायचा.

दुकानातलं मोडकंतोडकं सगळं परसातल्या टिनाच्या शेडमध्ये येऊन पडे. एका दुपारी तिथे झाडझूड करताना पाठीवर घ्यायच्या फुटक्या फवारणी पंपावर मी सहज एक जुना कंदील ठेवला. वळले, आणि वाटलं, कुणीतरी माझ्याकडे बघतंय. आधी घाबरले. मग इतका आनंद झाला की झाडू तिथेच टाकून मी तिच्यासमोर बसून राहिले. शाळेत असताना चित्रकलेच्या परीक्षा दिल्या होत्या, तेवढंच माझं शिक्षण. पण त्या दिवसापासून रोज दुपारी मी शेडमध्ये जायला लागले.

पंपाची टाकी म्हणजे तिचं पोट. सोड्यानं, चुन्यानं, राखेनं मी ती इतक्या वेळा धुतली की माझ्या हाताची सालटं निघाली. पोटाला एक छोटं दार केलं, आत कापूस भरला आणि त्या कापसात बंद पडलेल्या टेलिफोनचा रिसीव्हर निजवला. मान पंपाच्या नळीची. डोकं कंदिलाचं, आणि काचेच्या जागी माझ्याच माहेरची, हातानं घासून पातळ झालेली पितळी ताटली. केस कॅसेटच्या फितीचे. पाय मोडक्या बाजेचे. हे सगळं जोडून दिलं स्टेशन रोडवरच्या वेल्डिंगवाल्या चाचांनी. त्यांनी तिला सगळीकडून बघितलं आणि म्हणाले, "भाभी, इसको बिठाते. बैठेगी तो घर की लगेगी. खडी रही तो लोगां डरेंगे." म्हणून ती बसली. गल्लीतल्या पोरींनी तिचं नाव पंपाबाई ठेवलं.

नवऱ्यानं अट घातली होती. "कर तुले काय करायचं ते. पन एकाबी गिऱ्हाइकाची तक्रार आली, का हे बंद. आपलं दुकान हाये. लोक आधीच वाकड्या नजरेनं पाहून राह्यले." मी हो म्हटलं. त्या घरात माझं म्हणावं असं तेवढं एक शेड होतं, आणि ते जायला एक तक्रार पुरेशी होती. हे मला पक्कं ठाऊक होतं.

म्हणून मी सगळ्यांवर लक्ष ठेवायला लागले. सगळ्यांत जास्त सासूबाईंवर. त्यांना पंपाबाई मुळीच आवडत नव्हती. "हे काय मढं बसवलं घरात," असं त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या, आणि त्यानंतर परसात जाताना पदर पुढे ओढून जायच्या. दोनदा मला ताटलीचं तोंड भिंतीकडे फिरवलेलं दिसलं. एकदा केसांच्या फिती कुणीतरी मागे नीट बांधून ठेवल्या होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "वाऱ्यानं झालं असंल." वारा केस विस्कटतो, बांधत नाही. पण सासूशी वाद घालण्यापेक्षा डोळे उघडे ठेवणं बरं, हे मी लवकर शिकले होते.

त्या वर्षांत शहरातून माणसं यायची, गळ्यात कॅमेरे घालून. कुणी शेतात उभं राहून फोटो काढायचं, कुणी चुलीपाशी बसून प्रश्न विचारायचं. त्यातला एक जण कुणाकडून तरी ऐकून आमच्या शेडपर्यंत आला. पंपाबाईभोवती फिरला, आणि हलक्या आवाजात म्हणाला, "हे शेतकऱ्याचं दुःख आहे, हो ना?" मी म्हटलं, "नाही. ही ऐकणारी बाई आहे. हिच्या पोटात फोन आहे." त्याला ते पटलं नाही. दुःखच आहे असं मी म्हणावं म्हणून तो थोडा वेळ थांबला, मग फोटो काढून गेला. झालं! गल्लीत कुजबुज सुरू. हिला पेपरात नाव पाहिजे. हिला सरकारकडून काहीतरी मिळणार आहे. काहींना त्याहून भारी सुचलं: दुकानदाराची बायको बंद शेडमध्ये कशाचं काय बसवते?

बंद दारामागे भुतं वाढतात. तेव्हा दार उघडायचं मी ठरवलं. भुलाबाईचे दिवस होते. आमच्याकडे त्या महिन्यात मुली घरोघरी भुलाबाईची गाणी म्हणतात, आणि शेवटी खाऊचा झाकलेला डबा कानाशी हलवून आत काय आहे ते ओळखतात. ओळखल्याशिवाय खाऊ नाही. मी पंपाबाई ओसरीत आणून बसवली, अंगावरून जुनं लुगडं टाकलं आणि गल्लीतल्या बायकापोरींना आवतण दिलं: लुगड्याखाली हात घालायचा, चाचपायचं, काय काय आहे ते ओळखायचं, आणि मगच लुगडं काढायचं. ज्या गोष्टीचं भय वाटतं, ती आधी हाताला कळू द्यावी, एवढंच माझ्या मनात होतं.

त्या सकाळी सासूबाईंनी विचारलं, "किती जन येनार हायेत?" हा प्रश्न त्यांचा नव्हता. त्यांना माणसं आली काय, न आली काय. थोड्या वेळानं मी त्यांना ओसरीतून घाईनं आत जाताना पाहिलं, उजवा हात पदरात. मी धावत जाऊन लुगडं उचललं. पोटाचं दार जागेवर, रिसीव्हर जागेवर, ताटली जागेवर. काहीच बिघडलेलं नव्हतं, म्हणूनच माझा संशय वाढला.

संध्याकाळ मात्र छान झाली. हात नेमका मानेच्या उंचीवर जायचा, आणि जी ती आधी मानच पकडायची. "नळी!" "साप!" "वं माय, कोनाचा गळा हाये हा?" पोरी किंचाळल्या, हसल्या. समोरच्या काकूंनी रिसीव्हर बरोबर ओळखला आणि तो कानाला लावून आपल्या मेलेल्या बहिणीशी खोटं खोटं बोलल्या. खोटं बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. लुगडं काढलं तेव्हा कुणीही घाबरलं नाही. मी चिवडा आणि रेवड्या वाटल्या. मला वाटलं, जिंकले.

पण एक दिवस गेला आणि दुसऱ्या सकाळी समोरच्या काकूंच्या मुलीची पापणी सुजून डोळा मिटला. काकूंच्या स्वतःच्या तळहातावर पुरळ, त्यात पाणी. मागच्या गल्लीतल्या दोघींचं तसंच. दुपारपर्यंत दोन तट पडले. एक म्हणे करणी. दुसरा म्हणे औषध. पंपात राहिलेलं औषध. करणीची मला भीती नव्हती. औषधाची होती. दुकानदाराच्या घरातल्या औषधानं लेकरू सुजलं, हे बोलणं एकदा बाजारात गेलं असतं तर बाजारात आमचं काय राहिलं असतं? आणि तिचा डोळा खरंच गेला तर? मी टाकी आठवून आठवून मनातल्या मनात पुन्हा धुतली. चाचांनी जोडांवर फासलेल्या रंगावर संशय घेतला. पितळेवर घेतला. कॅमेरेवाल्या माणसावरही घेतला, त्याचा काही संबंध नसताना.

नवरा दुकान अर्ध्यात सोडून आला. ओरडला नाही, त्यानं जास्त वाईट वाटलं. "झालं ना? मी टेम्पो सांगितला हाये. पूर्णेच्या पात्रात सोडून येऊ." अट मीच मान्य केली होती.

मी स्वयंपाकघरात गेले तर सासूबाई पाट्यावर तीळ आणि खोबरं वाटत होत्या. डाव्या हातानं. वरवंटा डाव्या हातानं नीट फिरत नाही, तरी त्या फिरवत होत्या. आणि माझ्या डोक्यात लख्ख झालं. तीळ-खोबरं आमच्याकडे एकाच गोष्टीवर लावतात. बिब्बा उतल्यावर, म्हणजे त्याच्या तेलानं कातडी सुजून फोड आल्यावर.

"आई, बाहेर लोक औषध म्हनून राह्यले, करनी म्हनून राह्यले. बिबा हाये हे तुमाले कसं माहीत?"

त्या वाटत राहिल्या. मग पदरातून उजवा हात काढून माझ्यासमोर धरला. दोन बोटं काळी पडून टरारून सुजली होती. दोन दिवस त्या हात लपवून डाव्या हातानं जेवत होत्या, आणि मला वाटत होतं रुसल्या आहेत.

"तीट लावली व्हती तिले. मानीवर, मांगून. कोनाले दिसू नाई म्हनून."

"बिब्ब्याची? काजळ नव्हतं?"

"काजळ काय पंपाच्या नळीवर रायते? पुसून जाते." मग म्हणाल्या, "सुई तापवून टोचली बिब्ब्यात. एक ठिपका देला, तो मले दिसला नाई. मंग अजून देले."

म्हणजे पंपाबाईची मान त्यांनी बिब्ब्याच्या तेलानं माखली होती, आणि मी सगळ्या गल्लीचे हात एकेक करून नेमके त्याच मानेवर नेले होते. आमच्या भाषेत एखाद्याच्या कामात बिब्बा घालणं म्हणजे ते मुद्दाम बिघडवणं. माझ्या कामात तो अक्षरशः घातला गेला होता, आणि घालणारीच्या मनात नेमकं उलट होतं. मला हसू येत होतं आणि रडूही. शेवटी रडलेच.

दारात टेम्पोचा हॉर्न वाजला. सासूबाई उठल्या, ओसरीत जाऊन माझ्या नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या आणि सुजलेला हात पुढे केला. "तक्रार तिची नाई, माही हाये. बिबा म्या लावला. टाकायचं असंल तं मले टाक पूर्णेत."

नवऱ्यानं आईच्या हाताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि टेम्पोवाल्याला चहाचे पैसे देऊन परत पाठवलं.

मग वाटीभर तीळ-खोबरं घेऊन त्या स्वतः समोरच्या काकूंकडे गेल्या. मी मागे मागे. काकूंनी आधी दार अर्धंच उघडलं. सासूबाईंनी सगळं सांगितलं, मधलं काहीही न गाळता, आणि पोरीच्या पापणीवर डाव्या हातानं हळूच लेप लावला. काकू त्यांच्या सुजलेल्या बोटांकडे बघत राहिल्या आणि एकदम खो खो हसत सुटल्या. "म्हंजे सुनीच्या कामात सासूनंच बिबा घातला म्हना!" हे वाक्य संध्याकाळपर्यंत बाजारात पोचलं. औषधाची गोष्ट मागे पडली. गावाला हसायला काहीतरी हवंच होतं त्या वर्षी. पोरीचा डोळा चार-पाच दिवसांत उघडला, आणि ती पुन्हा पंपाबाईपाशी खेळायला आली.

त्याच संध्याकाळी हातावरचा लेप सुकायची वाट बघत सासूबाई ओसरीत बसल्या होत्या. पंपाबाई शेजारीच होती, मानेवर काळे डाग घेऊन. माझा स्वभाव तो माझा स्वभाव. मी विचारलंच, "आई, खरं सांगा. तुमाले ते आवडते का?"

"नाई," त्या ताबडतोब म्हणाल्या. "पाह्यलं का भेव वाटते मले."

"मंग तीट कायले लावली?"

त्यांनी मी अगदीच अडाणी असल्यासारखं माझ्याकडे पाहिलं.

"आपल्याले न आवडनाऱ्या लेकराले काय नजर लागत नाई?"