आबा सुरतला असतात

माझे वडील जिवंत आहेत, आजारी आहेत आणि धुळे तालुक्यातल्या आमच्या घरी, मागच्या अंगणापलीकडे, पूर्वी कपाशी भरून ठेवायचो त्या खोलीत कोंडलेले आहेत. हे एवढं सरळ लिहायला मला पंचविशी उलटावी लागली. लहानपणी घरानं पाठ करून घेतलेलं उत्तर वेगळं होतं: आबा सुरतला असतात, मिलमध्ये.

आबा विहिरींच्या मोटारी दुरुस्त करायचे. मी प्राथमिक शाळेत असताना त्यांना मोटारीच्या घरघरीत माणसं बोलताना ऐकू यायला लागली. घरच्यांनी भगताकडे नेलं. डॉक्टरकडे नाही. मग एका नातलगाच्या लग्नात भर पंगतीत ते उठले आणि ‘यामा विष शे’ म्हणत वरण-बट्टीच्या पराती उलथवत सुटले. तिथून परतल्यावर नानांनी, म्हणजे माझ्या मोठ्या काकांनी, ती खोली रिकामी केली आणि कुलूप आणलं. किल्ली तेव्हापासून त्यांच्या करदोड्याला असते. सकाळ-संध्याकाळ माय ती मागून घेते, ताट घेऊन आत जाते, आबांना न्हाऊ घालते, जेवू घालते, बाहेर येते, किल्ली परत देते. याला आमच्या घरात सांभाळणं म्हणतात.

माय बाजारातून फ्रॉक आणायची आणि मला सांगायची, विचारलं तर आबांनी पाठवला म्हण. वर्गातली एक मुलगी म्हणाली, “हाऊ काय सुरतना शे? मले बी असाच शे, आपला बाजारमाईन लयेल.”

“बाजारमा बी सुरतहूनच येतस,” मी म्हटलं.

मला खोटं चांगलं जमायला लागलं होतं. मैत्रिणींना घरी बोलवायचं नाही, मागच्या अंगणात अभ्यासाला बसायचं नाही, आबा आतून मोठ्यानं बोलायला लागले की रेडिओचा आवाज वाढवायचा. आम्ही सगळेच आत होतो. फक्त कडी एकाच दाराला होती.

श्रावणात आमच्याकडे कानबाई देवी बसते. भाऊबंद कुठून कुठून गावी येतात. रोटासाठी, म्हणजे तिच्या नैवेद्यासाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढायचे, ते दळायचे आणि त्याचं रांधलेलं फक्त घरच्यांनी खायचं. परक्याला घासही नाही. लग्न होऊन गेलेल्या लेकीलासुद्धा नाही. नाना स्वतः गहू काढतात आणि आबांची मूठ एकदाही चुकलेली नाही. देवीच्या हिशेबात माझा बाप पूर्ण माणूस आहे. डॉक्टरचं नाव काढलं की तो लगेच घराची अब्रू होतो.

मी आता जळगावला असते. मानसिक आजारावर काम करणाऱ्या एका गटाची पत्रकं लिहिते आणि वाटते. ‘आजारी माणसाला कोंडणं हा उपचार नाही, गुन्हा आहे.’ हे वाक्य माझं आहे. दोन वर्षांपूर्वीच्या कानबाईला नाना आबांची मूठ सुपात टाकत होते, तेव्हा मी तेच तोंडावर म्हटलं.

“तुन्हा कागद जळगावले वाट, पोरी,” नाना म्हणाले.

“बठ्ठा गावले माहीत शे, नाना. लपाडतस कोनपाईन?”

“माहीत शे ते येगळं. डोळासमोर शे ते येगळं. तुन्हं लगीन व्हवू दे. मंग उघडसूत.”

म्हणजे कुलूप माझ्यासाठी होतं. आणि ज्या दिवशी ते निघणार, त्या दिवसापासून मी या घरची नसणार. मला हसू आलं नाही. मी सूप तसंच सोडून उठले.

दिवाळीनंतर बोदवडकडचे पाहुणे मला बघायला आले. मुलाच्या आईनं पोहे खाता खाता विचारलं, वडील दिसत नाहीत. नाना म्हणाले, सुरतला असतात. मी म्हटलं, “नाही. ते मागच्या खोलीत आहेत. बरीच वर्षं आजारी आहेत आणि त्यांना अजून एकाही डॉक्टरनं तपासलेलं नाही.”

कुणी आरडाओरडा केला नाही. बाईंनी बशी खाली ठेवली. ‘कळवतो’ म्हणून ते सगळे गेले. गाडी गल्लीतून बाहेर पडल्यावर मी नानांपुढे हात पसरला. “मोडलं. आता द्या किल्ली.”

नानांनी मोरीकडे बघितलं. तिथे त्यांची धाकटी मुलगी पाहुण्यांच्या बशा घासत होती. तेव्हा बारावीत होती.

“तिन्हं बाकी शे आजून,” ते म्हणाले.

मी तिच्याकडे वळले. मला वाटलं होतं, ही तरी माझ्या बाजूनं बोलेल. माझी पत्रकं कॉलेजात हिनंच वाटली होती. तिनं मान वर केली नाही. “ताई, तू सकाळे जळगावले चालनी जाशी. मले आठेच ऱ्हानं शे.”

तिला इथेच राहायचं होतं. पत्रकात आम्ही ज्यांना जाब विचारतो ते नानांसारखे असतात. बशा घासणाऱ्या मुलीला काय विचारायचं, हे अजून कुणी लिहिलेलं नाही, मीही नाही.

पोलिसात जाईन असं मी म्हटलं. माय म्हणाली, “जाय. मंग आम्हले दोन्हीसले कोठे लई जाशी, ते बी सांगी जाय.” जळगावला माझ्याकडे कॉट टाकून राहायची जागा आहे, तीही आणखी दोघींबरोबर. मी गेले नाही.

शेवटी नाना एवढंच कबूल झाले: धुळ्याहून डॉक्टर घरी यावा, गाडी मागच्या दारानं आणावी, कुलूप राहील. आता डॉक्टर महिन्याला येतात. आबा गोळ्या घेतात, झोपतात, मायला नावानं हाक मारतात. डॉक्टर म्हणतात, यांना कोंडून ठेवायची काहीच गरज नाही. नाना मान हलवतात आणि त्यांना चहा देतात.

गावात विचारतात, ही गाडी कुणाची. बियाणं कंपनीचा माणूस असतो, असं नानांची मुलगी सांगते. हे उत्तर तिला मी शिकवलं.