ताईचा आवाज काढून टाकणाऱ्या साहेबांना

साहेब, ताईच्या फोटोखाली हात जोडलेत ना, ते आधी काढा.

माझ्या मोठ्या बहिणीला, सुनंदाताईला, जाऊन आज वर्ष झालं. सकाळपासून तिच्या कंपनीतल्यांच्या पोस्ट वाचतेय. 'सतत नवीन शिकणारी.' 'आमच्या टीमची प्रेरणा.'

वा! ती जिवंत होती तेव्हा कुठे होतात?

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. ताई इथेच रत्नागिरीत, काजू फोडायची मशीन बनवणाऱ्या कंपनीत टेक्निकल रायटर होती. मशीन कसं लावायचं, साफ कसं करायचं, हात कुठे घालायचा नाही, याची मॅन्युअल लिहायची.

पण मशीन चालवतात कारखान्यातल्या बायका. मॅन्युअल मालकाच्या कपाटात.

म्हणून तिने ठरवलं, व्हिडिओ करायचे. साहेब म्हणाले, "करून दाखवा, मग सीनियरच्या पोस्टचं बघू."

पंचेचाळिशी उलटल्यावर बाई एडिटिंग शिकली. कॅमेरा, माइक, स्क्रिप्ट, सगळं. सुट्टीचा एक दिवस घरात टेकली नाही.

आवाजाचं रेकॉर्डिंग आमच्या स्वयंपाकघरात. मे महिना, खिडक्या बंद, पंखा बंद.

"ताई, उकडून मरेन मी. पुरे आता."

"गप गो. तुझं कण्हणं येतंय त्यात. परत घेऊ."

व्हिडिओ झाला आणि बायकांना जाम आवडला. दापोलीच्या एका कारखान्यातून फोन आला, दुसऱ्या मशीनचापण ह्याच बाईंच्या आवाजात करा म्हणून.

साहेबांनी काय केलं?

व्हिडिओ ठेवला. ताईचा आवाज काढून टाकला. पुण्याहून दुसरा भरून आणला.

"तुमच्या बोलण्याला कोकणी हेल आहे हो. प्रोफेशनल वाटत नाही."

शिरा पडो तुमच्या त्या प्रोफेशनलवर! काजू कोकणातला, कारखाना कोकणात, बायका कोकणातल्या, आणि हेल तेवढा नको?

सीनियरची पोस्टपण पुण्याच्याच कुणाला तरी गेली.

त्या दिवशी ताई घरी आली, जेवली, आणि लॅपटॉप उघडून पुढचा कोर्स लावला. माझं डोकंच फिरलं.

"कशाला मरतेस गो त्यांच्यासाठी?"

"त्यांच्यासाठी नाही. मला जमायला लागलंय. आता थांबू कशाला?"

तो कोर्स अर्धाच राहिला. मधेच दुखणं निघालं, आणि त्यातून ती उठली नाही.

आणि काल साहेबांचा मला मेसेज. ताईच्या आठवणींचा व्हिडिओ करतायत म्हणे. "मॅडमच्या आवाजातलं काही असेल तर पाठवा ना. इमोशनल टच येईल."

आता हवा झाला आवाज? लाज नाही वाटत?

नाही पाठवणार. तुमच्या त्या व्हिडिओला एक शब्द नाही मिळायचा.

तिचा मूळ व्हिडिओ माझ्याकडे आहे, तिच्या आवाजातला. तो खाली लावलाय. ज्यांच्या कारखान्यात हे मशीन आहे त्यांनी उतरवून घ्या आणि बायकांना दाखवा. कंपनीला काय करायचं ते करू दे, मी इथेच आहे.

सुरुवातीलाच ती म्हणते, "बायांनो, आधी बटण बंद करा गो. काजू कुठे पळून जात नाही. बोट गेलं तर परत यायचं नाही."

हे त्यांना प्रोफेशनल वाटलं नाही.

ताई, खिडक्या लावून घेतल्यात. पंखा बंद केलाय. अजिबात कण्हत नाहीये.

बोल तू.