शेततळ्यातल्या माशांची तपासणी

निवृत्त होऊन मी साताऱ्यात स्थायिक झालो, तरी पलूस भागातले ते माशांचे प्रकरण अजून जसेच्या तसे डोळ्यांसमोर आहे.

पोलीस ठाण्यात फोन आला. "साहेब, लवकर या. माणसं तळं फोडाय निघाल्यात." गावातली एक गरोदर बाई मासे खाऊन उलट्यांनी बेजार झाली होती. तिला सांगलीच्या दवाखान्यात हलवले होते. मासे एका माजी सैनिकाच्या शेततळ्यातले होते.

मी बंदोबस्त घेऊन गेलो, जमाव पांगवला आणि त्या गृहस्थांना ठाण्यात आणले.

"तुमच्या माशांत काही आहे का?" मी सरळ विचारले.

ते अडखळत बोलू लागले. "कसं सांगू साहेब? आमी काय बी टाकत न्हाई. पर शेजारी द्राक्षबाग हाय. फवारणीचं औषध पाण्यात उतरलं असंल तर? तुमी तपासून घ्या. तवर मी एक मासा इकणार न्हाई."

"अर्धी कबुलीच की ही," हवालदार हळूच म्हणाला. मलाही तसेच वाटले.

ते मासे इस्लामपूरच्या एका विक्रेत्याने विकले होते. त्याने मात्र लगेच पोराबाळांची शपथ घेतली. "तळ्यावरनं आला तसा इकला. माझा काय दोष?"

मी अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांना बोलावले. पंचांसमोर तळ्यात जाळे टाकले. ताज्या माशावर चाचणीची कागदी पट्टी घासून तिच्यावर द्रावणाचा थेंब सोडला. रंग बदलला नाही. विक्रेत्याच्या दुकानातल्या माशावर घासलेली पट्टी मात्र गडद निळी झाली. ते फॉर्मालिन होते, प्रेत टिकवायला वापरतात ते.

दुकानाच्या झडतीत बर्फाच्या पेटीमागे फॉर्मालिनचा कॅन सापडला. तेव्हा विक्रेत्याने कबूल केले. "उन्हाळ्यात बर्फ टिकत न्हाई साहेब. मासा मऊ पडला की गिऱ्हाईक हात लावत न्हाई."

त्याला अटक केली. पण त्या पट्टीने फवारणीचे औषध कळत नाही. म्हणून तळ्यातले मासे आणि पाणी सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवले. अहवाल येईपर्यंत माजी सैनिकाने खरेच एकही मासा विकला नाही.

अहवालात मासे आणि पाणी दोन्ही निर्दोष निघाले. निरोप धाडता आला असता, पण मी स्वतः गेलो. ऐकताच त्यांनी पत्नीला हाक मारून बोलावले.

"आवं, आता तरी दोन घास खावा," त्यांची पत्नी डोळे पुसत म्हणाली.

त्यांनी मला विचारले, "आन् ती पोरगी?"

"कालच घरी आली. पोटातलं बाळही सुखरूप आहे."

तेव्हा कुठे त्यांना रडू फुटले. मलाही मोकळा श्वास घेता आला.

अडखळणारा माणूस काहीतरी लपवतो, असे आम्ही पोलीस धरून चालतो. या प्रकरणात शपथ घेणारा खोटा निघाला आणि अडखळणारा खरा. त्यानंतर चौकशीत कुणी "मला खात्री न्हाई" म्हणाले, की मी आधी त्याला बसायला खुर्ची देत असे.