फ्रिजमधलं लार्चचं झाड

अरुणाचल. बारा हजार फुटांवरची पोस्ट. सप्टेंबर संपता संपता आमची प्लॅटून तिथं चढली. मी लान्स नाईक, रेडिओ ऑपरेटर. म्हणजे गस्तीत बाकीच्यांनी चालायचं आणि मी सेट पाठीवर घेऊन धापा टाकायच्या. पोस्टवर माझं नावच ‘रेडिओ’ पडलं होतं. ते ठेवलं नाईक तानाजीनं. साताऱ्याकडचा गडी. हसरा, हट्टी, आणि चहात तीन चमचे साखर घेणारा.

पोस्टच्या खालच्या उतारावर जंगल होतं. उंच झाडं, पानं सुईसारखी, फांद्यांची टोकं खाली लोंबलेली. अशी झाडं बारा महिने हिरवी असतात एवढं माझं शालेय ज्ञान. ऑक्टोबरात एका सकाळी बाहेर आलो तर अख्खा उतार पिवळाजर्द. जेजुरीला भंडारा उधळावा तसा. मग वारा सुटला, सुया झडल्या आणि सांगाडे उरले.

मी लगेच निदान केलं. “रोग पडला. जंगल मेलं सगळं.” एवढ्यावर थांबलो नाही. प्लॅटून कमांडरना सांगून आलो, “साहेब, बंकरसाठी लाकूड आयतंच मिळालं.”

तोडायचा हुकूम निघायच्या आत तानाजी मला एका झाडाशी घेऊन गेला. ग्लोव्ह काढला, फांदीची साल नखानं खरवडली. आत ओला हिरवा रंग.

“हे मेलंय व्हय रं, रेडिओ?”

“सुईचं झाड कधी पानं गाळतं का?”

“हे गाळतंय. झोपलंय ते. उन्हाळ्याच्या तोंडावर पालवी फुटणार. लाव पैज.”

“लावली.”

हरणाऱ्यानं आठवडाभर जिंकणाऱ्याला पहाटेचा चहा हातात द्यायचा, असं ठरलं. जंगल वाचलं.

त्या झाडाला लार्च म्हणतात हे पुढे कळलं. ते पानं का गाळतं, हेही. जमीन गोठली की मुळांना पाणी मिळत नाही, पण पानांतून पाणी उडतच राहतं. म्हणून लार्च पानंच टाकून देतो. उघड्या फांद्यांवर बर्फ साचत नाही, वारा आरपार जातो. आम्ही अंगावर एकावर एक पाच कपडे चढवून कुडकुडत होतो, आणि हा गडी होते तेही उतरवून ताठ उभा. मी थंडीत पहाऱ्यावर असलो की त्याच्याकडे बघत राहायचो. थोडी लाजही वाटायची.

फेब्रुवारीत लिंक पेट्रोलवर, म्हणजे शेजारच्या पोस्टच्या तुकडीला वाटेत भेटून यायच्या गस्तीवर, निघालो. पाच जण. त्याच उतारावर एक घळ आडवी जाते. दोन दिवस ताजा बर्फ पडलेला. तानाजी पुढे होता, त्याच्यामागे मी, बाकीचे तिघं बरेच मागे. घळीच्या काठाला थांबला. मांडीएवढ्या खोडाचा एक कोवळा लार्च होता, त्याकडे बोट केलं.

“रेडिओ, इथं थांब. झाड सोडू नको. मी पलीकडं पोचल्यावर यायचं.”

“पण मी...”

“ऑर्डर आहे.”

तो निम्म्यात होता. वरून आवाज आला, जड पोतं ओढल्यासारखा. मी झाडाला मिठी मारली. बर्फ आमच्यावरून गेला. झाड वाकलं, इतकं की माझा गाल जमिनीला टेकला. मोडलं नाही. बर्फ सरला आणि ते हळूहळू पुन्हा उभं राहिलं, मला घेऊन. डोळे उघडले तेव्हा घळ साफ पांढरी होती. पाऊलखुणाही नव्हत्या. मी सेटवर पोस्टला हाक दिली.

“टायगर फॉर अल्फा. स्लाइड. एक मिसिंग. ओव्हर.”

“अल्फा, नाव सांग. ओव्हर.”

“नाईक तानाजी. ओव्हर.”



“शोध चालू ठेवा. पार्टी येतेय. आउट.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तो घळीच्या तळाशी सापडला.

मे महिन्यात त्या काळ्या काड्यांवर ठिपके आले. प्रत्येक गाठीतून मऊ हिरव्या सुयांचा झुबका, दाढीच्या ब्रशएवढा. त्यांच्या मधोमध जांभळट कोवळे शंकू, वर तोंड करून उभे. आठवडाभर मी पहाटे चहा केला, तीन चमचे साखर घालून, आणि मग त्याच्या रिकाम्या बंकच्या फळीवर ठेवला.

आता मी दुबईत आहे. जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका इमारतीत सिक्युरिटी सुपरवायझर. घर अल बर्शात. उन्हाळ्यात बाहेर पंचेचाळीस डिग्री, आणि मी लॉबीच्या एसीत स्वेटर घालून बसतो. बारा हजार फुटांवरचा शूर तो हाच.

गेल्या वर्षी माझ्या पन्नाशीला मुलीनं, मुग्धानं, कुंडीतलं वीतभर रोप आणलं. जपानी लार्च. आमच्या अरुणाचली झाडाचा चुलतभाऊ.

“बाबा, इट नीड्स अ विंटर,” ती म्हणाली. “नो विंटर, इट डाइज.”

“दुबईत विंटर?”

“फ्रिज, बाबा!”

पानं गळाली की झाडाला उजेड लागत नाही, गारवा पुरतो, असं तिनं समजावलं. नोव्हेंबरभर बाल्कनीत ठेवून सुया पिवळ्या होऊन गळू दिल्या. मग कुंडी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात गेली. सफरचंद, केळी हद्दपार. पिकत्या फळांच्या वायूनं कळ्या खराब होतात म्हणे. माझी बायको शैला चक्क्याचं भांडं हातात घेऊन उभी.

“अहो, फ्रिज भाजीसाठी असतो. हे सरपण कशाला?”

“झोपलंय ते.”

“तुम्ही झोपता तेव्हा निदान घोरता तरी. हे जिवंत आहे कशावरून?”

शेजारचा युसुफ बर्फ मागायला आला, डोकावून म्हणाला, “हबीबी, ये तो खलास!”

मी हसलो. पण त्या दिवसापासून फ्रिज उघडला की आधी तीच काडी दिसायची.

मार्चात कुंडी बाहेर काढली, एसीच्या खोलीत खिडकीशी ठेवली. एक आठवडा गेला. दुसरा गेला. काही नाही.

“जस्ट स्क्रॅच इट, बाबा. यू टोल्ड मी हाऊ.”

नख सालीला लावलं. आत तपकिरी निघालं तर? एवढ्याशा काडीपुढे माजी सैनिक उभा, आणि पोरगी बघतेय. मी पाणी आणायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात सटकलो. मुग्धा मागे आली नाही. तिनंही खरवडलं नाही.

शुक्रवारी सकाळी पडदा सरकवला. खालच्या गाठीवर मोहरीएवढा हिरवा ठिपका. त्याच्या वर आणखी एक. गुडघे टेकून बघत राहिलो. तीन महिने अंधारात, भाजीच्या कप्प्यात, आणि तरी त्याला वेळ कळली होती. किती वेळ बसलो ते सांगता येणार नाही.

मग उठून चहा टाकला. दोन कप भरले. शैला आली.

“माझा का?”

“नाही. तानाजीचा. पैज हरलोय पुन्हा.”

तिनं कुंडीकडे पाहिलं. साखरेचा डबा ओढला आणि दुसऱ्या कपात मोजून तीन चमचे घातले.

कप मी झाडाशेजारी ठेवला. आणखी सहा दिवस ठेवायचा आहे.